सात नंबरची मागणी

प्रणाली : नाही लिहिणार.

धर्माजी : लिव ना बाय. माजा अंगठा थरथरतो, न्हायतर तुज्या पाया कोन पडला असता. 'लढ्याचे शिल्पकार, मीठ कामगार युनियनचे सरचिटणीस कॉम्रेड धर्माजी यांच्या नेतृत्वाखाली सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा ऐतिहासिक संप यशस्वी झाला.' बस. एवढाच. स्मारकाच्या दगडाचं बघतो त्या कुलदीपला धाडून दे. त्याचा पनवेलचा दगडवाला पाचला दुकान बंद करतो. आज मजकूर गेला न्हाय तर कामगार दिनाला, एक मे ला, दगड बसत न्हाय.

प्रणाली : 'शिल्पकार' ठीक आहे. आजोबा आहेस, चालवून घेते. पण 'नेतृत्वाखाली' आणि 'संप' हे दोन शब्द माझ्या बोटांतून निघणार नाहीत. मी तुझी इतिवृत्ताची वही वाचलीय.

धर्माजी : कपाट उघडायला तुला कोनी सांगितला?

प्रणाली : तूच. चावी हातात दिलीस आणि म्हणालास, तुझ्या काळ्या लोकांच्या पुस्तकांत मिळणार नाही ते ह्या कपाटात मिळेल. मिळालं.

धर्माजी : मग आता काय तकरार? सहा वर्षं झाली तुला पीएचडीला. उरणात मना लोक विचारतात, नात काय करते? मी सांगतो, मार्क्सवाद शिकते. लोक मान डोलावतात, म्हनतात, आज्यावर गेली. मग तू येतेस नि नाक्यावर सांगतेस, अमेरिकेतल्या काळ्यांचे क्रांतिकारी विचार आनि मार्क्सवाद. झाला वांधा. परवा तो सोसायटीचा चेअरमन विचारतो, धर्माजी, काळ्यांचा मार्क्सवाद येगळा असतो काय रे? मी काय सांगू?

प्रणाली : सांगायचं, वेगळा नसतो. भांडण असतं. घरातलं. तेच लाल निशाण हातात, तीच गाणी, तोच मार आणि तोच तुरुंग. आणि मग मीटिंगमध्ये एक काळा माणूस उभा राहतो आणि म्हणतो, कॉम्रेड, तुमच्या पुस्तकात कामगार आहे, पण तो मी नाही.

धर्माजी : शिस्तभंग.

प्रणाली : हो, त्यांनाही हेच सांगितलं. अगदी ह्याच शब्दांत.

धर्माजी : बरोबर सांगितला. पाया आर्थिक असतो. काळा, गोरा, आगरी, कोळी, हा सगळा वरचा डोलारा. पाया बदलला की डोलारा आपोआप पडतो. आता चिंबोरीचं बघ.

प्रणाली : चिंबोरी कुठून आली?

धर्माजी : खाडीतनं. ती रंगू कातकरीन चाळीस वर्षं ह्या ओटीवर चिंबोऱ्या आनते. आवसेला चिंबोरी भरलेली असते, पुनवेला पोकळ, हे शेंबड्या पोराला पन म्हाईत. पन मना आवसेला पन पोकळच मिळते. चाळीस वर्षं. नांग्या फोडाव्या तर आत पानी. का? कारन बंदर झाला, खाडीत तेल आला, भराव पडला. उत्पादनाची साधनं बदलली, चिंबोरीचा पिंड बदलला. ह्याला म्हनतात भौतिकवाद. मी चार अर्ज केलेत त्याच्यावर. एक मंत्रालयात पन दिला.

प्रणाली : मंत्रालयात पोकळ चिंबोरीचा अर्ज?

धर्माजी : पोच हाय माज्याकडं. शिक्क्याची.

प्रणाली : बरं, आता माझ्या लोकांचं ऐक. तुझ्या भिंतीवरच्या दाढीवाल्यांनी काय बघितलं? इंग्लंडातली गिरणी, धुराडं, भोंगा. म्हणाले, भांडवलशाही इथं जन्मली. माझे लोक म्हणतात, बाबा, त्या गिरणीत कापूस कुठला? तो पिकवला कोणी? गिरणीच्या दोनशे वर्षं आधी समुद्रापलीकडे उसाचे मळे होते. घंटा वाजली की शेकडो माणसं एका वेळी उठायची, रांगेत तोडायची, पाळी लावून रस उकळायची. कारखाना तिथं आधी लागला. फक्त तिथले कामगार विकत घेतलेले होते, म्हणून त्यांना कामगार म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

धर्माजी : दाढीवाल्यांनी गुलामगिरीवर लिवलंय. जाड्या पुस्तकात. मी वाचलाय.

प्रणाली : किती?

धर्माजी : प्रस्तावना सगळी.

प्रणाली : लिहिलंय, मान्य. चांगलंही लिहिलंय. पण पाहुण्यासारखं लिहिलंय, वाटेत थांबून. ह्यांचं म्हणणं, आम्ही वाटेतलं गाव नाही, गाडी आमच्याकडनंच सुटली. आणि दुसरं म्हणजे मालक सगळ्यांना सारखं पिळत नाही. जो आधीच खाली आहे त्याला आणखी एक पायरी खाली बसवतो आणि वरच्याच्या कानात सांगतो, तू त्याच्यापेक्षा बरा. त्या 'बरा'वर त्याचं दुकान चालतं. गोऱ्या कामगारालाही तो 'बरा' गोड लागतो. मग कसली जगातल्या कामगारांची एकी.

धर्माजी : अगं, पन मुरूडला जा. जंजिरा कोनाचा? सिद्दीचा. हबशी मानूस, काळा कुळकुळीत, आनि शंभर कोसांत कोनाची छाती न्हवती त्याच्यासमोर उभं राहायची. आपले आगरी-कोळी त्याला सारा भरत व्हते. कुठं गेला तुजा काळा-गोरा? ज्याच्या हातात किल्ला तो मालक. वर्ग.

प्रणाली : हे भारी आहे, हे मी चॅप्टरमध्ये घेणार. पण तू माझ्याच बाजूनं बोललास. तोच रंग इथं किल्ल्यावर आणि तिथं साखळीत. म्हणजे रंग आभाळातून पडत नाही. कोणाकडून कुठलं काम फुकट काढायचं ते आधी ठरतं, आणि मग त्याला साजेल अशी कातडी शोधली जाते. म्हणून तो नुसता डोलारा नाही आजोबा. पायाच्या दगडांत मिसळलेला आहे.

धर्माजी : पावणेपाच व्हतील गप्पा मारता मारता. लिव.

प्रणाली : एक गोष्ट सांगते, मग लिहिते. अमेरिकेत यादवी युद्ध लागलं. उत्तरेची फौज जवळ आली की मळ्यावरचे गुलाम हातातली कुदळ टाकायचे आणि चालायला लागायचे. एक नाही दहा नाही, लाखांनी. कापूस शेतात कुजला. दक्षिणेची कंबर मोडली. मालकांनी लिहिलं, पळाले. फौजेनं लिहिलं, पळून आले. पुस्तकवाल्यांनी लिहिलं, बिचारे पळाले. सत्तर वर्षांनी एक काळा अभ्यासक उठला आणि म्हणाला, अरे, लाखो मजूर एकाच हंगामात काम टाकून निघून जातात, त्याला संप म्हणतात.

धर्माजी : नोटीस दिली व्हती?

प्रणाली : काय?

धर्माजी : संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते. नोटीस न्हाय, मागनीपत्र न्हाय, मग संप कसला? लोक कामावरनं गेले, एवढंच.

प्रणाली : थँक यू. आता तुझी वही. पान एक्केचाळीस. 'उघाडीवरील चार कातकरी मजूर कुटुंबे रात्री कामावरून पळून गेली. त्यामुळे भरतीचे पाणी मिठागरात शिरून मोठे नुकसान झाले. या फुटीर व बेजबाबदार कृत्याचा युनियन तीव्र निषेध करते. कारण, वर्गजाणिवेचा अभाव.' खाली सही तुझी. तारीख पाडव्याची. आणि तुझ्या संपाची नोटीस कधीपासूनची होती?

धर्माजी : पाडव्यानंतरच्या सोमवारपासूनची.

प्रणाली : आणि मालक कधी झुकला?

धर्माजी : शनवारी. म्हनून तर ऐतिहासिक. संप सुरू व्हायच्या आदीच शेट तडजोडीला बसला. नुसत्या नोटिशीचा दरारा. मी प्रत्येक भाषनात सांगतो.

प्रणाली : आजोबा, पाडव्याच्या आदल्या दिवशी उघाडीवरची माणसं गेली. खाडीचं पाणी आत घ्यायचा आणि अडवायचा दरवाजा म्हणजे उघाडी. तिथं भरती अडवणारी फळी खाली पाडायला कोणी राहिलं नाही. तीन महिन्यांचं मीठ एका भरतीत खाडीला परत गेलं. शनिवारी शेट बसला. ह्यात तुझी नोटीस कुठं आली?

धर्माजी : ते येगळा. ते पळाले. रात्रीचे. पळनं आनि लढनं ह्यात फरक हाय. तुज्या अमेरिकेचं मना म्हाईत न्हाय, पन आपल्या उघाडीचं मना सांगू नको.

(पायरीवर टोपली टेकते. ओल्या गोणपाटाखाली चिंबोऱ्यांची खरखर.)

रंगू : कोन पळाला सेकेटरी? सकाळी पोलीस आलते काय?

धर्माजी : ये रंगू. बस. आज आवस हाय, आज तरी बघून दे.

रंगू : बघूनच देते मी. कायम बघूनच देते.

प्रणाली : रंगूआजी, एक विचारू? मिठागरातून तुम्ही लोक निघालात ना, त्या वर्षी, पाडव्याच्या आदल्या दिवशी. रात्री किती वाजता निघालात?

रंगू : रात्री? रात्री कशाला?

प्रणाली : आजोबांच्या वहीत लिहिलंय, रात्री पळून गेले.

रंगू : वहीत लिवलंय? माजं? दाव. कुठंशी? ही ओळ? एवढीशी? बाय, आवसेची भरती कवा असते? दुपारी बाराला. आमी बाराला निघालो. ऊन एवढं की मिठावर बघवत न्हवतं. डोक्यावर मडकी, काखेत पोरं, माज्या सासूच्या पदरात दोन कोंबड्या, आनि म्होरं सदा, माजा नवरा, डोल वाजवीत. पळनारा मानूस डोल वाजवतो काय?

प्रणाली : ढोल वाजवत?

रंगू : व्हय. शेटच्या बंगल्यावरनं गेलो. मागनं वाट व्हती, चांगली जवळची. सदा बोलला, पुढनं जायचं. शेट जेवायला बसलेला. खिडकीतनं बघत व्हता, हातात घास तसाच. त्याला वाटलं आमचं लगीन हाय.

धर्माजी : मना असा कोनी सांगितला न्हाय.

रंगू : तू व्हतास कुठं?

धर्माजी : अलिबागला. कामगार हापिसात. नोटिशीची पोच घ्यायला गेलतो. दोन दिवस साहेब भेटला न्हाय.

प्रणाली : मग 'रात्री' कोणी सांगितलं तुला?

धर्माजी : आठवत न्हाय.

प्रणाली : आजोबा.

धर्माजी : मुकादम भेटला यष्टी ष्ट्यांडवर. रडत व्हता. बोलला, रात्रीत पळाले हरामखोर.

प्रणाली : मालकाचा मुकादम. म्हणजे युनियनच्या वहीत, लाल कापडाच्या बांधणीत, एकदम तीव्र निषेधासकट, वाक्य कोणाचं? मालकाचं.

धर्माजी : मना वाटला, पळनारे रात्रीच पळतात.

रंगू : तू चांगला मानूस हायस सेकेटरी, पन तुला वाटतं फार. विचारत कायच न्हाईस.

धर्माजी : पन रंगू, थांबायला काय झाला व्हता? सोमवारी सगळे मिळून बसलो असतो. तुमची मागनी व्हती की मागनीपत्रात. मी सोता लिवलेली. पिन्याच्या पान्याची.

रंगू : कितव्या नंबरला?

धर्माजी : असेल सहा-सात.

रंगू : सात. सदा विचारून आलता. पयली पगारवाढ, दुसरी बोनस, मग रजा, मग काय काय, गमबूट. सातवी आमचं पानी. बाय, तुला सांगते. मिठागरात पिन्याचं पानी होडीनं यायचं. होडी लागली की आदी आगरनींची मडकी. मग मुकादमाचा बैल. मग आमी. तळाचा गाळ. कवा तोबी न्हाय. चोहीकडं पानी नि जिभेला मीठ. माजी थोरली तवा अंगावर पीत व्हती, मना दूध येईना. मी ह्याच्याकडं आले. ह्याच ओटीवर. हा बोलला, रंगू, मागनी सात नंबरला हाय, आदी वरच्या सहा सुटूं दे, तुमचं आपोआप सुटेल. सोमवारपर्यंत थांब.

प्रणाली : आपोआप.

धर्माजी : तू मधे बोलू नको.

प्रणाली : मी कुठं बोलतेय. माझं सगळं चॅप्टर पाच ही बाई पायरीवर बसून बोलतेय. तिकडच्या काळ्या कॉम्रेडनाही हेच सांगितलेलं, आधी क्रांती होऊ दे, तुमचं आपोआप सुटेल. चिडून कोणी पार्टी सोडली, कोणी आत राहून भांडत राहिलं. पण जे राहिले त्यांनी पार्टीला शिकवलं. कापसाच्या मुलखातले कुळं-मजूर भजनं म्हणत मीटिंगला यायचे, शहरातले कॉम्रेड डोक्याला हात लावायचे. मग कळलं, मीटिंग त्या भजनांवरच उभी आहे.

रंगू : डोल लागतो बाय. डोलाबिगर मानूस एकटा पडतो.

धर्माजी : म्हंजे तहान लागली म्हनून गेलात. रागानं. मी तेच लिवलं, जानीव न्हवती.

रंगू : जानीव म्हंजे काय रे?

धर्माजी : म्हंजे आपन काय करतोय, त्यानं मालकाचं काय व्हनार, हे समजून करनं.

रंगू : मग ऐक. तुज्याकडनं गेले त्या दिवशी अष्टमी. अष्टमीला भांगाचं पानी, उघाडीच्या निम्म्याला पन चढत न्हाय. त्या दिवशी निघालो असतो तर शेटला चार दिवस कळलं पन नसतं. सासू बोलली, थांबायचंच हाय तर ह्याच्या सोमवारला कशाला थांबायचं, आवसेला थांबू. सात दिवस गाळ प्यालो. आवसेला भरती चढाया लागली, फळी वर व्हती. ती पाडायला चार मानसं लागतात. चारी मानसं मडकी घेऊन चालायला लागली. आमी कायबी मोडलं न्हाय. कायबी फोडलं न्हाय. नुसती फळी पाडली न्हाय. मीठ कसं इरघळतं ते आमच्यापरीस कोनाला म्हाईत? तुज्या दाढीवाल्या देवाला?

प्रणाली : आजोबा, पाणी पितोस?

धर्माजी : नको.

रंगू : पी. आता नळ हाय तुला.

धर्माजी : शनवारी शेट माज्यासमोर हात जोडून बसलेला. मना वाटला, मी. सत्तावीस वर्षांचा व्हतो. सायकलीवरनं चौदा मिठागरं फिरायचो, नोटिशीच्या चिठ्ठ्या वाटायचो, कुत्री मागं लागायची. तो माज्यासमोर हात जोडतोय, तर मना दुसरा काय वाटनार?

रंगू : सायकल मारलीस, ते मी बघितलंय. खोटं न्हाय ते. पुढल्या वर्षी पोलिसाची काठी खाल्लीस, हात मोडून घेतलास, ते पन खोटं न्हाय. तुजा कागद नसता तर शेटनं नुसतं दुसरं कातकरी आनलं असतं. मी काय येडी न्हाय. पन तडजोडीत पानी कुठं व्हतं?

धर्माजी : पयल्या तीन मागन्या मान्य झाल्या. बाकीच्या पुढल्या बैठकीला ठेवल्या.

रंगू : आनि पुढल्या हंगामाला आमाला बोलावलंच न्हाय. म्हनं, हे पळनारे. वहीत लिवलेलं ना. तुजी वही मुकादम पन वाचायचा.

प्रणाली : मग कुठं गेलात?

रंगू : इटभट्टीवर. कर्जतला, मग पार तिकडं घाटावर. सा वर्षांनी आलो परत. थोरली तिकडंच गेली. पान्यानं न्हाय, तापानं. ते ह्याच्या माथी न्हाय मारत मी.

धर्माजी : तू मारलं न्हाईस तरी ते माज्याकडंच येतंय रंगू. मना म्हाईत न्हवता तिचं. तू चाळीस वर्षं हितं येतेस, कधी बोलली न्हाईस.

रंगू : बोलत व्हते की. दर आवसेला.

धर्माजी : काय बोलत व्हतीस?

रंगू : पोकळ चिंबोरी देत व्हते.

धर्माजी : काय?

रंगू : सगळ्या गावाला भरलेल्या. डाक्टरला भरलेल्या, त्या चेअरमनला भरलेल्या, तो तर चोर हाय तरी पन. तुला निवडून पोकळ. आवसेला पोकळ चिंबोरी मिळायला किती त्रास पडतो तुला म्हाईत हाय? ती शोधावी लागते. पुनवेच्या पकडून, टोपलीत पंधरा दिस उपाशी ठेवून आनायचे कवा कवा.

प्रणाली : आजोबा, मंत्रालयाचा अर्ज.

धर्माजी : गप बस.

प्रणाली : उत्पादनाची साधनं बदलली, चिंबोरीचा पिंड बदलला. शिक्क्याची पोच.

धर्माजी : प्रणाली, मी तुला वहीच्या पुठ्ठ्यानं मारीन. मना वाटला, बंदर. भराव. तेल.

रंगू : तुला वाटलं बंदर. मी व्हते.

धर्माजी : चाळीस वर्षं. आनि मी दर वेळी रस्सा पिऊन सांगायचो, घरातल्यांना, बघा, ही भांडवलशाही.

रंगू : चव बरी असायची ना पन? वाटन चांगलं करायची तुजी बायको.

प्रणाली : रंगूआजी, हे सगळं मी माझ्या थिसिसमध्ये घालणार आहे. ही इतकी मोठी गोष्ट आहे ना, तुम्हाला कल्पना नाही. मी लिहिलंच होतं, उघाडीवरच्या कातकरी कुटुंबांचा मूक प्रतिकार म्हणून.

रंगू : मूक म्हंजे?

प्रणाली : म्हणजे न बोलता केलेला.

रंगू : डोल वाजवत गेलो म्हटलं ना आत्ता.

प्रणाली : हो. ते बदलते.

रंगू : आनि माजं नाव लिवलंस?

प्रणाली : नाव नाही. 'चार कुटुंबं' असं लिहिलंय. मला नावं माहीत नव्हती.

रंगू : तू कवापासनं बघतेस मना? रांगत व्हतीस तवापासनं. नांगी तोडून दिलेली चोखायला. अमेरिकेतल्या मानसांची नावं म्हाईत हायेत तुला?

प्रणाली : आहेत. पन्नासेक.

धर्माजी : आज्यावर गेली. लोक बरोबर म्हनतात.

प्रणाली : हसू नको. मला आतून लाज वाटतेय. सहा वर्षं मी कोणाकोणाच्या वह्यांतनं पुसलेली माणसं शोधतेय, आणि ओटीवर रोज…

रंगू : रोज न्हाय, आवसेला. आनि रडायचं आसंल तर मागनं रड. पाच वाजायला आलेत ना? कसला दगड बसवताय तुमी? गावात कानावर पडलं, पाचच्या आत मजकूर जायचाय म्हनून.

धर्माजी : हितं युनियनच्या हॉलसमोर एक दगड बसवतायत. आमचा मिठागर जिथं व्हता तिथं आता कंटेनर. वर वर वर, सात-सात. मी जातो कधी कधी, कुंपनापर्यंत. वॉचमन विचारतो, चाचा, किधर? मी बोट दावतो तर त्याला लोखंड दिसतं, मना मिठाचे चौकोनी खाडे दिसतात. अजून पाच वर्षांनी ते बघनारा पन कोन उरनार न्हाय. म्हनून दगड मागितला. मना वाटला, त्याच्यावर तरी माजं नाव राहील. खोटं कशाला बोलू. मना ते पायजे व्हतं. फार पायजे व्हतं.

रंगू : मग लिव की तुजं नाव. मी काय पुसायला आले?

धर्माजी : लिवलं तर काय लिवू? प्रणाली, फोन उघड.

प्रणाली : उघडलाय. चार पन्नास झालेत. कुलदीपचे तीन मिस्ड कॉल.

धर्माजी : लिव. 'सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. पाडव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता.' बारा अक्षरात लिव, आकड्यात नको. आकडा झिजतो. 'उघाडीवरील चार कातकरी कुटुंबे काम बंद करून ढोल वाजवीत निघाली.' रंगू, नावं सांग.

रंगू : आमचं हिलम. सदा, मी नि सासू. सासूचं नाव आनंदी. मग मुकणे नवरा-बायको. वाघमाऱ्यांचे दोघं भाव. आनि पवाराची म्हातारी, एकटीच व्हती, पन फळी पाडायला दोन गड्यांना भारी.

प्रणाली : आनंदी, सदा, रंगू हिलम. पुढं?

धर्माजी : 'संप तेथे सुरू झाला. मालक तिसऱ्या दिवशी झुकला.' आनि खाली लिव, 'युनियनला हे उशिरा कळले.'

प्रणाली : किती उशिरा ते घालू?

धर्माजी : नको. दगड लहान हाय.

प्रणाली : आणि तुझं नाव?

धर्माजी : एकदम खाली, बारीक. 'नोटीस दिली : धर्माजी.'

प्रणाली : सोमवारची.

धर्माजी : सोमवारची. घाल ते पन. आनि ती वही आन. पान एक्केचाळीस. खोडायचं न्हाय, खोडलं तर लोकांना वाटेल कधी लिवलंच न्हवतं. बाजूला लिवतो. माज्याच हातानं लिवतो, अक्षर थरथरूं दे.

रंगू : काय लिवतोस?

धर्माजी : 'रात्री' च्या पुढं लिवलं, 'हे खोटे आहे. मी विचारले नाही.' सही करू?

रंगू : कर. पयल्या टायमाला केलतीस ना.

प्रणाली : पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. कुलदीप विचारतोय, 'शिल्पकार' राहिलं का?

धर्माजी : त्याला सांग, शिल्पकार भरती व्हती. हां, आनि तारीख ऐक रंगू. एक मे. वाडीतल्या सगळ्यांना घेऊन ये. सदाचा डोल हाय अजून?

रंगू : डोल हाय. सदा न्हाय. नातू वाजवतो, पन त्याला डिजेची सवय. बघू. दगड बसतोय का ते आदी बघू. तुमचं कायबी पुढल्या बैठकीला जातं. घे, पातेलं आन बाय. ही घे सेकेटरी. पोटाला दाबून बघ.

धर्माजी : कडक हाय.

रंगू : आवसेची हाय.

धर्माजी : जड पन हाय गं. हाताला लागते. ह्या बाकीच्या?

रंगू : त्या आज तुज्या न्हायेत. आज एकच.

धर्माजी : आगं, घरात दोघं हाव. एका चिंबोरीत काय व्हनार? बाकीच्या कधी?

रंगू : तुजी मागनी लिवून घेतलीय मी. सात नंबरला हाय. सोमवारपर्यंत थांब.